एका अक्षराने अडणारा प्रवास

बेंगळुरू मेट्रोचा जांभळा मार्ग पूर्वेकडे ज्या स्थानकावर संपतो, त्याचे नाव 'व्हाइटफील्ड (काडुगोडी)' असे जोडनाव आहे. काडुगोडी हे तेथील गावाचे नाव. १८८२ मध्ये म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वाडियार यांनी युरेशियन व अँग्लो-इंडियन कुटुंबांच्या वसाहतीसाठी सुमारे ३,९०० एकर जमीन दिली आणि त्या समाजाच्या संघटनेचे संस्थापक डी. एस. व्हाइट यांच्या आडनावावरून वसाहतीला व्हाइटफील्ड हे नाव मिळाले. आज स्थानकाच्या नावात एका गृहस्थाचे आडनाव पुढे आहे आणि गाव कंसात आहे. पण त्यामुळे आजवर कोणाची गाडी चुकलेली नाही. शहराचीही तीच कथा. १ नोव्हेंबर २०१४ पासून बंगलोरचे बेंगळुरू झाले. मुख्य रेल्वे स्थानकाला २०१६ मध्ये क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णा यांचे नाव देण्यात आले, तरी आरक्षणातील त्याचे 'एसबीसी' हे संकेताक्षर तेच राहिले. मुंबईचे नाव अधिकृतपणे बदलून तीन दशके होत आली, पण जगभरच्या विमान तिकिटांवर ती अजून 'बीओएम' आहे.

स्थळांना मिळणारी ही सवलत माणसांना मात्र मिळत नाही. प्रवाशाच्या नावात एक अक्षर इकडचे तिकडे झाले, तर विमानतळाच्या दारात त्याला थांबावे लागते. आणि हे नाव बहुधा प्रवाशाने स्वतः लिहिलेलेच नसते.

व्हाइटफील्डमध्ये १९९० च्या दशकाच्या अखेरीस इंटरनॅशनल टेक पार्क उभे राहिले आणि पाठोपाठ संगणक कंपन्यांची रांग लागली. त्या ओढीने पुणे, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, नागपूर येथील मराठी तरुण-तरुणी या उपनगरात येऊन स्थिरावल्या. त्याच सुमारास प्रवासाच्या तिकिटांचाही कायापालट झाला. ऑगस्ट २००२ मध्ये भारतीय रेल्वेच्या आयआरसीटीसी या उपक्रमाने संकेतस्थळावरून तिकीटविक्री सुरू केली. आरंभी तिकीट कुरिअरने घरी येत असे, २००५ पासून ई-तिकीट आले. २००३ मध्ये बेंगळुरूच्याच एअर डेक्कनने स्वल्प दरातील विमानसेवा सुरू केली आणि तिकिटे महाजालावर मांडली. बसच्या आसनांचे आरक्षण संगणकावर आणणारी रेडबस हीदेखील २००६ मध्ये याच शहरात जन्मली. त्यामुळे घरातील जो सदस्य बेंगळुरूत संगणकासमोर बसतो, त्याच्याकडे साऱ्या कुटुंबाच्या प्रवासाचे खाते आपोआप चालून आले. सांगलीहून आई दूरध्वनीवर सांगते, 'दिवाळीला येतोय, तिकिटं तूच काढ,' आणि व्हाइटफील्डमध्ये बसलेला मुलगा दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत तिकिटे काढतो. खाते त्याचे, कार्ड त्याचे, भ्रमणध्वनी क्रमांक त्याचा. प्रवास मात्र आई-वडिलांचा, सासू-सासऱ्यांचा, कधी मामा-मामींचा.

घोळ येथूनच सुरू होतो. आरक्षणाची बहुतेक संकेतस्थळे खातेदाराची माहिती साठवून ठेवतात आणि प्रवाशाचा रकाना उघडताच खातेदाराचेच नाव तेथे भरून दाखवतात. सोय म्हणून केलेली ही व्यवस्था घाईच्या वेळी घातक ठरते. वडिलांच्या जागी मुलाचे नाव जाते, किंवा पहिले नाव वडिलांचे आणि आडनावाच्या जागी पूर्वी कधी साठवलेले दुसऱ्याच कोणाचे. पाच वर्षांपूर्वी वहिनीचे नाव जसे टंकित केले, तसेच ते यादीत पडून राहते. मध्यंतरी तिच्या आधार कार्डात दुरुस्ती झालेली असली तरी यादीला त्याचा पत्ता नसतो. जुने खाते हे जुन्या घरासारखे असते. कोणत्या कोनाड्यात काय ठेवले आहे याचे विस्मरण घरमालकालाच अधिक होते.

तरीही सारा दोष घाईच्या माथी मारणे न्यायाचे नाही. मुळात नाव लिहिण्याची चौकटच परकी आहे. एक रकाना पहिल्या नावाचा, दुसरा आडनावाचा. आणि दोन्ही भरल्याशिवाय पुढचे पान उघडत नाही. मराठी माणसाचे नाव तीन पदरी: स्वतःचे, वडिलांचे किंवा पतीचे आणि आडनाव. मधले नाव कोठे घालावे? कोणी ते पहिल्या रकान्यात जोडून लिहितो, कोणी गाळतो, कोणी आद्याक्षरावर भागवतो. पासपोर्टवर ते बहुधा स्वतःच्या नावाला जोडून येते, बँकेच्या कार्डावर जागेअभावी गळून पडते. कर्नाटकात तर अनेक कुटुंबांत आडनाव ही वस्तूच नसते. नावाच्या आधी वा नंतर एखादे आद्याक्षर असते आणि ते वडिलांचे किंवा मूळ गावाचे असते. व्हाइटफील्डकरांना जवळ पडणाऱ्या बैयप्पनहळ्ळीच्या टर्मिनलला ज्यांचे नाव दिले आहे, त्या सर एम. विश्वेश्वरय्यांच्या नावातील 'एम' म्हणजे मोक्षगुंडम हे त्यांच्या पूर्वजांचे आंध्रातील गाव. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात स्थापत्यशास्त्र शिकून मुंबई इलाख्याच्या सेवेत नाव कमावलेल्या या अभियंत्याला आज तिकीट काढावे लागले असते, तर आडनावाच्या रकान्यात काय लिहावे हा प्रश्न त्यांनाही पडला असता. मराठीत पु. ल. आणि व. पु. ही आद्याक्षरे घराघरांत ओळखीची आहेत. तपासणीच्या खिडकीत मात्र 'पु. ल.' ही ओळख चालत नाही, तेथे 'पुरुषोत्तम' हे पूर्ण नावच लागते.

दुसरी अडचण लिपीची. मराठी नाव देवनागरीत एकाच प्रकारे लिहिले जाते, पण रोमन लिपीत त्याची अनेक रूपे होतात. 'लक्ष्मी' कोणी 'एक्स' घालून लिहिते, कोणी 'के-एस-एच' घालून. 'दत्तात्रय' या नावात 'टी' किती, 'एच' आहे की नाही आणि शेवट 'वाय'ने की 'वाय-ए'ने, यावर एकाच घरात दोन मते असू शकतात. 'ज्ञानेश्वर' महाराष्ट्रात 'डी-एन-वाय'ने सुरू होतो, उत्तरेत त्याच 'ज्ञ'साठी 'जी-वाय' लिहितात आणि कर्नाटकात 'जे-एन'. पण बेंगळुरूत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना सर्वाधिक छळते ते 'त' हे अक्षर. दक्षिणेत 'त'साठी 'टी-एच' लिहिण्याचा प्रघात आहे, कारण नुसता 'टी' तेथे 'ट'साठी राखून ठेवलेला असतो. त्यामुळे सोलापूरहून आलेली गीता, लता किंवा सविता बेंगळुरूच्या नोंदणी केंद्रात गेली, की तिच्या नावात एक 'एच' सहज शिरतो. लिहिणाऱ्याच्या दृष्टीने ती चूक नव्हेच. 'एच' नसता तर त्याने ते नाव 'गीटा' असे वाचले असते. नोंदणीच्या वेळी पडद्यावरचे नाव तपासून घ्या असे सांगितले जाते, परंतु साठीच्या पुढच्या स्त्रीने परक्या भाषेतील गर्दीत, चष्मा पुसत, रोमन अक्षरांतील तो एक 'एच' पकडावा, ही अपेक्षा फार मोठी आहे. मग पासपोर्ट पुण्यात काढलेला, त्यावर 'एच' नाही. आधार बेंगळुरूत काढलेले, त्यावर 'एच' आहे. आणि तिकीट मुलाने काढलेले, त्यात जे त्याला आठवले ते.

नावाच्या या गुंत्याचा सर्वाधिक भार स्त्रियांवर पडतो, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. पुरुषाचे नाव जन्मापासून निवृत्तिवेतनापर्यंत सहसा एकच राहते. मराठी घरांत लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने वधूचे नवे नाव लिहिण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या होती. आडनाव आणि मधले नाव तर बदलेच, स्वतःचे पाळण्यातले नावही बदले. तांदूळ दुसऱ्या दिवशी डब्यात जात; शाळा सोडल्याचा दाखला मात्र माहेरच्या नावाचा तो माहेरच्याच नावाचा राहतो. आज सत्तरीत असलेल्या अनेक स्त्रियांची पदवी एका नावाची, शिधापत्रिका दुसऱ्या नावाची आणि बँकेचे खाते तिसऱ्याच. विवाहानंतर नाव बदलणे कायद्याने कधीच बंधनकारक नव्हते. पासपोर्टच्या अर्जासोबत विवाहाचा पुरावा जोडण्याची अटही डिसेंबर २०१६ मधील नियमबदलाने गेली. नव्या पिढीतील मुली नाव बदलत नाहीत. परंतु प्रवास खात्यात 'श्रीमती' हे संबोधन निवडताच तिकीट काढणारा नवरा सवयीने स्वतःचे आडनाव लिहून मोकळा होतो. मुलीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला निघालेल्या आईच्या बाबतीत असे घडले, तर प्रश्न केवळ पैशांचा राहत नाही. दिवस भरत आलेले असतात आणि पुढचे विमान कोणत्या दिवशीचे, त्याचे भाडे किती, हे तिच्या हाती नसते.

यंत्राला इतके काटेकोर नाव का लागते, याचेही उत्तर आहे. पासपोर्टच्या छायाचित्राच्या पानावर तळाशी बाणांच्या खुणांनी भरलेल्या दोन ओळी असतात. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने ठरवून दिलेल्या या यंत्रवाच्य पट्टीत प्रत्येक ओळीला ४४ जागा असतात आणि पहिल्या ओळीत नावासाठी त्यांपैकी ३९ उरतात. आधी आडनाव, मग दोन खुणा, मग स्वतःचे नाव. केवळ रोमन कॅपिटल अक्षरे; टिंब नाही, स्वल्पविराम नाही. आरक्षणाच्या संगणकात प्रवाशाची नोंदही अशीच, आडनाव आधी आणि तिरक्या रेघेनंतर नाव. त्यामुळे तिकिटावर नावाला चिकटून आलेले 'एमआरएस' पाहून घाबरण्याचे कारण नाही. ते संबोधन आहे, नावाचा भाग नव्हे. पहिले आणि मधले नाव मध्ये जागा न सोडता जोडून छापले गेले तरीही बिघडत नाही. अशा निरुपद्रवी गोष्टींसाठी रात्रभर जागणारे प्रवासी पुष्कळ आहेत, आणि खरोखर घातक असलेली उलटापालट, म्हणजे आडनावाच्या जागी नाव आणि नावाच्या जागी आडनाव, मात्र अनेकांच्या नजरेतून सुटते.

सुरक्षेच्या कारणाने हा काटेकोरपणा वाढत गेला. अमेरिकेने २००९ पासून विमान प्रवाशाचे पूर्ण नाव, जन्मतारीख आणि लिंग शासकीय ओळखपत्राप्रमाणेच आधी कळवण्याची व्यवस्था लागू केली. ज्याच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना कोरा आहे, त्याच्या अमेरिकी व्हिसावर एकुलते एक नाव आडनावाच्या जागी जाते आणि नावाच्या जागी 'एफएनयू', म्हणजे पहिले नाव अज्ञात, अशी तीन अक्षरे येतात. आई-वडिलांनी प्रेमाने ठेवलेले नाव असताना ते 'अज्ञात' म्हणून छापले जावे, हा कारकुनी विनोदच म्हणायचा. नोव्हेंबर २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीने पासपोर्टवर एकच शब्दाचे नाव असलेल्यांना भेटीच्या व्हिसावर प्रवेश नाकारण्याचे ठरवले आणि दक्षिण भारतात एकच धांदल उडाली. पासपोर्टच्या दुसऱ्या पानावर वडिलांचे किंवा कुटुंबाचे नाव असल्यास चालेल, असा खुलासा काही दिवसांतच झाला. महाराष्ट्रात या बातमीची फारशी झळ लागली नाही; बेंगळुरूत ती घरोघरी चर्चेचा विषय झाली.

देशांतर्गत प्रवासातही आता पडताळणी माणसाकडून यंत्राकडे सरकत आहे. १ डिसेंबर २०२२ रोजी दिल्ली, वाराणसी आणि बेंगळुरू या तीन विमानतळांवर 'डिजियात्रा' सुरू झाली. चेहरा दाखवून आत जाण्याची ही सोय आधारवरील ओळखीवर उभी आहे आणि बोर्डिंग पासवरचे नाव त्या ओळखीशी जुळावे लागते. जुळले नाही, तर नेहमीच्या रांगेतून ओळखपत्र दाखवून जाता येते. तेथे निदान एक हाडामांसाचा जवान नाव, चेहरा आणि तिकीट तिन्हींकडे पाहतो. रेल्वेने २०२५ मध्ये अधिक कडक पाऊल उचलले. १ जुलै २०२५ पासून आयआरसीटीसीवरील तत्काळ तिकीट केवळ आधारशी पडताळलेल्या खात्यालाच काढता येते. १ ऑक्टोबर २०२५ पासून सर्वसाधारण आरक्षणाची पहिली पंधरा मिनिटेही अशाच खात्यांसाठी राखली गेली. दलालांनी यंत्रांच्या साहाय्याने पहिल्या काही मिनिटांत तिकिटे उचलण्याचा जो धंदा मांडला होता, तो पाहता या निर्णयाला विरोध करणे कठीण आहे. रेल्वेने अडीच कोटींहून अधिक संशयास्पद खाती बंद केल्याचे २०२५ मध्येच जाहीर केले होते. परंतु ज्या गृहस्थाने पंधरा-वीस वर्षांपूर्वी आद्याक्षरे घालून किंवा टोपणनावाने खाते उघडले आणि तेव्हापासून प्रामाणिकपणे वापरले, त्याचेही नाव आधारशी जुळत नाही आणि त्याचीही पडताळणी अडते. तत्काळची खिडकी उघडण्याच्या पाच मिनिटे आधी हे कळून उपयोग नसतो. हे काम एखाद्या निवांत रविवारी करून ठेवावे.

असे असूनही रेल्वेच्या पद्धतीत एक शहाणपण टिकून आहे आणि त्याची दखल घेतली पाहिजे. एका ई-तिकिटावर सहा जण असले, तरी त्यांपैकी एकाने मूळ ओळखपत्र दाखवले की पुरते. आरक्षित तिकीट आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, पती किंवा पत्नी यांच्या नावे बदलून घेण्याची मुभा गाडी सुटण्याच्या चोवीस तास आधीपर्यंत, आरक्षण कार्यालयात अर्ज करून, एकदा मिळते. कुटुंब हा प्रवासाचा घटक आहे हे रेल्वेने मान्य केले आहे. विमान कंपन्यांनी ते मान्य केलेले नाही. तिकिटांचा दुय्यम बाजार होऊ नये म्हणून ती अहस्तांतरणीय ठेवणे समजण्यासारखे आहे. पण दुसऱ्याला तिकीट विकणे वेगळे आणि त्याच प्रवाशाच्या नावातील 'एच' काढणे वेगळे. दोन्हींना एकाच मापाने मोजून, तिकीट रद्द करा आणि नवे घ्या असे सांगणे ही निव्वळ वसुली होय.

नियामकाने हा फरक ओळखला आहे, पण अर्धाच. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या परताव्याविषयीच्या नियमांनुसार, तिकीट कंपनीच्या संकेतस्थळावरून थेट घेतले असेल आणि त्याच व्यक्तीच्या नावातील चूक चोवीस तासांच्या आत दाखवून दिली, तर दुरुस्तीसाठी जादा आकार घेता येत नाही. मध्यस्थ संकेतस्थळावरून तिकीट घेणाऱ्याला ही सवलत नाही. आणि व्हाइटफील्डमधला मुलगा तिकीट घेतो ते बहुधा मध्यस्थाकडूनच, कारण पाच कंपन्यांचे दर तेथे एकाच पानावर दिसतात आणि बँकेच्या कार्डावरची सूटही तेथेच असते. चूक निघाली की मध्यस्थ म्हणतो कंपनीला विचारा, कंपनी म्हणते ज्याने तिकीट दिले त्याला विचारा. या टोलवाटोलवीत चोवीस तास कसे संपतात ते कळत नाही. तिकिटाच्या परताव्याच्या बाबतीत मध्यस्थ हा कंपनीचाच प्रतिनिधी मानून अंतिम जबाबदारी विमान कंपनीवर टाकलेली आहे. तेच तत्त्व नावाच्या दुरुस्तीला लावण्यात कोणता अडथळा आहे? दुरुस्तीची मुदतही तिकीट घेतल्याच्या क्षणापासून न मोजता, प्रवाशाच्या हाती तिकीट पडण्यासाठी वाजवी वेळ धरून ठरवली पाहिजे. मुलाने रात्री काढलेले तिकीट आईच्या भ्रमणध्वनीवर दुसऱ्या दिवशी पोहोचते आणि ती ते वाचते तिसऱ्या दिवशी, शेजारच्या मुलीकडून.

या प्रश्नात बँकांचा संबंध काय, असे कोणी विचारील. तो दोन ठिकाणी येतो. पहिला पैशांच्या वाटेवर. रद्द झालेल्या तिकिटाचे पैसे प्रवाशाला मिळत नाहीत. ज्या कार्डाने वा खात्यातून भरले गेले, तेथेच परत जातात. आईचे तिकीट मुलाच्या कार्डावर असेल, तर परतावा मुलाच्या खात्यात दिसेल. आईने आपल्या पासबुकात त्याची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही, आणि शाखेतील कर्मचाऱ्याला बोल लावण्यातही नाही. कार्डावरचे नाव आणि प्रवाशाचे नाव निरनिराळे असणे ही स्वतः चूक नव्हे, हेही अनेकांना ठाऊक नसते. काही विमान कंपन्या परदेश प्रवासात पैसे भरलेले कार्ड पाहावयास मागू शकतात, एवढेच ध्यानात ठेवावे.

दुसरा संबंध अधिक जवळचा आहे. विमानतळावर आणि रेल्वेत जी ओळखपत्रे ग्राह्य धरली जातात, त्यांत राष्ट्रीयीकृत बँकेचे छायाचित्र असलेले पासबुकही आहे. ज्यांच्याकडे पासपोर्ट नाही, वाहन परवाना नाही आणि आधार कार्डावरील नावाबद्दल शंका आहे, अशा वृद्ध खातेदाराला हे पासबुक फार उपयोगी पडू शकते. पण त्यावरील नाव कसे आहे? तीस वर्षांपूर्वी खाते उघडताना 'सौ.' लावून, पतीच्या आद्याक्षरासह, हाताने लिहिलेले. संगणकीकरणाच्या वेळी ते कोणीतरी जसे वाचता आले तसे रोमन लिपीत उतरवलेले. ग्राहकाच्या नावाशी खेळ करणाऱ्यांत बँकाही मागे राहिलेल्या नाहीत, हे कबूल करावयास हवे. नाव बदललेल्या ग्राहकासाठी रिझर्व्ह बँकेच्या 'केवायसी' निर्देशांत सरळ वाट आहे. ओळखपत्र दिले गेल्यानंतर नाव बदललेले असेल, तर राज्य सरकारचा विवाह नोंदणी दाखला किंवा राजपत्रातील अधिसूचना सोबत दिल्यास जुने ओळखपत्रही ग्राह्य धरता येते. तरीही या दोहोंऐवजी भलत्याच पाच कागदांची मागणी होते, आणि ग्राहक नाव दुरुस्त करण्याचा नाद सोडून देतो. शाखेत केवायसीचे नूतनीकरण करताना कर्मचाऱ्याने पासपोर्ट, आधार, पॅन आणि पासबुक एका ओळीत मांडून ग्राहकाला नावातील फरक दाखवून दिला, तर दहा मिनिटांच्या त्या कामाने कोणाचा तरी पुढचा प्रवास सुकर होईल.

बँकिंग क्षेत्राने नुकतीच अंगीकारलेली एक पद्धत प्रवासी संकेतस्थळांनीही घेण्यासारखी आहे. पूर्वी एनईएफटी आणि आरटीजीएसमध्ये रक्कम केवळ खाते क्रमांकावर जमा होत असे. नाव चुकले तरी यंत्राला त्याचे सोयरसुतक नव्हते. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार १ एप्रिल २०२५ पासून पैसे पाठवण्यापूर्वी लाभार्थीचे बँकेत नोंदलेले नाव पाठवणाऱ्याला दाखवले जाते. नाव एखाद्या अक्षराने वेगळे दिसले तर व्यवहार आपोआप फेटाळला जात नाही. माणूस पाहतो आणि ठरवतो. तिकिटाचे पैसे घेण्यापूर्वी प्रवाशाचे नाव ओळखपत्रावर जसे दिसेल तसे मोठ्या अक्षरांत समोर ठेवून 'ओळखपत्र हाती घेऊन ताडून पाहा' असे एका ओळीत बजावणे संकेतस्थळाला अशक्य नाही. नावासाठी एकच सलग रकाना ठेवणेही अशक्य नाही. विम्याची आणि भोजनाची जाहिरात करण्यासाठी त्याच पानावर जागा मिळतेच.

ग्राहकाने करण्याजोगे थोडेच आहे, पण ते नेमके आहे. घरातील प्रत्येकाने आपल्या नावाचे एकच रोमन रूप ठरवावे; परदेशी जाण्याचा संभव असेल तर ते पासपोर्टचे असावे, कारण पासपोर्ट बदलणे सर्वांत खर्चिक. आधारवरील नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते, म्हणून पहिली दुरुस्ती घाईने उधळू नये. संपूर्ण नावच बदललेल्यांनी राजपत्रात नोंद करून तिची प्रत जपून ठेवावी. तिकीट काढणाऱ्या मुलाकडे नावे दूरध्वनीवर सांगण्याऐवजी ओळखपत्राचे छायाचित्र पाठवावे, आणि मुलाने ते पाहूनच अक्षरे भरावीत. खात्यातील जुन्या प्रवाशांची यादी वर्षातून एकदा साफ करावी. नियमित विमान प्रवास करणाऱ्यांनी आपल्या सदस्यत्व खात्यातील नावही तिकिटाच्या नावाशी ताडून घ्यावे, अन्यथा साठणारे गुण खात्यात जमा होत नाहीत.

पुढील पिढीपुढे याहून निराळे कोडे आहे. महाराष्ट्र शासनाने मार्च २०२४ मध्ये निर्णय घेतला की १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांचे नाव शासकीय दस्तऐवजांत स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशा चार पदांत लिहावे. आईच्या नावाला मिळालेला हा मान उशिराचा असला तरी रास्त आहे. आता व्हाइटफील्डमधील एखाद्या दांपत्याचे पहिले मूल रीतीप्रमाणे आजोळी, मिरजेत किंवा बार्शीत जन्मते, आणि दुसरे बेंगळुरूच्या रुग्णालयात. जन्मदाखले दोन राज्यांचे असतात. थोरले पुढे आजोळच्या शाळेत गेले, तर त्याच्या दाखल्यावर चार पदांचे नाव येईल आणि धाकट्याच्या दाखल्यावर कर्नाटकाच्या पद्धतीचे. पासपोर्टच्या अर्जात मात्र रकाने दोनच. १ ऑक्टोबर २०२३ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी पासपोर्टकरिता जन्मतारखेचा पुरावा म्हणून केवळ जन्मदाखलाच ग्राह्य धरला जातो. म्हणजे या मुलांच्या सर्व कागदांचे मूळ त्या एका दाखल्यात आहे. बाळाचे नाव जन्मनोंदीत बारा महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येते. बारशाच्या गडबडीतून सवड काढून, रोमन अक्षरांसह ते कसे लिहिले जात आहे हे पाहण्यासाठी वडिलांनी किंवा आजोबांनी नगरपालिकेच्या खिडकीपर्यंत स्वतः जाऊन यावे.